भिक्षूचा वारस कोण?

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७५ हुणसूर आणि पिरियापट्टण मागे टाकतो आणि कोडगू जिल्ह्यात शिरण्याआधी बैलकुप्प्याला येतो. १९५९ नंतर तिबेटमधून आलेल्या निर्वासितांना तत्कालीन म्हैसूर राज्याने इथे सुमारे तीन हजार एकर जमीन दिली. १९६०-६१ पासून वसाहत उभी राहिली, पुढे तिच्या शेजारी दुसरी वसली. ल्हासाजवळचा सेरा मठ इथे नव्याने स्थापन झाला. कूर्गच्या सहलीत मराठी पर्यटक ज्याला ‘गोल्डन टेंपल’ म्हणतात ते नामड्रोलिंग मठाचे मंदिरही इथलेच. त्यामुळे या रस्त्यावर एकाच वेळी मक्याने भरलेले ट्रॅक्टर, पुण्या-कोल्हापूरकडून आलेले टेंपो ट्रॅव्हलर, कर्नाटक परिवहनच्या बसगाड्या आणि किरमिजी वस्त्रातले भिक्षू असतात. समजा, यातला एखादा भिक्षू रस्ता ओलांडताना भरधाव गाडीखाली सापडून गेला. त्याला बायको नाही, मुले नाहीत. आईवडील कदाचित तिबेटमध्येच राहिलेले. पगार नाही, बँकेत म्हणण्यासारखी शिल्लक नाही, आणि सरकारी कागदावर तो बहुधा परदेशी. गाडीचा विमा असला, तरी भरपाई मागायची कोणी, आणि कशाची?

बहुतेकांचे सहज उत्तर येईल की कोणी नाही आणि कशाचीच नाही. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे पाहिले तर मोटार अपघाताच्या भरपाईचा आपला सगळा कायदा नीट कळतो. ज्याला वारस नाही, मिळकत नाही आणि नागरिकत्वही नाही अशा माणसाच्या मृत्यूची भरपाई जर कायदा देत असेल, तर ‘माझी आई घरीच असायची, तिचे काय मिळणार’ किंवा ‘अपघात तिकडे कर्नाटकात झाला, कोण खेटे घालणार’ असे म्हणून हक्क सोडून देणाऱ्या आपल्याकडच्या असंख्य कुटुंबांना तो सोडण्याचे काही कारण नाही. माझे म्हणणे असे, की या कायद्यात माणसाचा दर्जा, नाते आणि मिळकत यांमुळे दावा बुडण्याचे दिवस बऱ्याच अंशी संपले आहेत. आज दावा बुडतो तो मुख्यतः माहिती आणि कागद वेळेवर न मिळाल्याने.

आधी वारसाचा प्रश्न घेऊ. इंग्रजांनी १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांसाठी एक कायदा केला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या नवऱ्याला, बायकोला, आईबापांना आणि मुलांना नुकसान भरून मागता येई. यादी तिथेच संपत असे. भाऊसुद्धा तिच्यात नव्हता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची तरतूद आली आणि तिथे नातेवाइकांच्या यादीऐवजी ‘कायदेशीर प्रतिनिधी’ असा शब्दप्रयोग आला. तरीही विमा कंपन्या जुन्याच यादीवर बोट ठेवत राहिल्या. गुजरातेत एस.टी.च्या धडकेत चौदा वर्षांचा एक मुलगा गेला आणि त्याच्या भावांनी दावा केला, तेव्हा महामंडळाने हाच आक्षेप घेतला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. भारतीय कुटुंबात भाऊ, भावांची मुले, कधी पोसलेली मुलेही एका छताखाली राहतात, मिळवत्या माणसाच्या मृत्यूची झळ त्या सगळ्यांना बसते, तेव्हा १८५५ ची चौकट या दाव्यांवर लादता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तो लिहिणारे न्यायमूर्ती ई. एस. व्यंकटरामय्या हे म्हैसूरशेजारच्या पांडवपुर भागातले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

भावापर्यंत पोचलेली वाट संन्याशापर्यंत जायला आणखी सत्तावीस वर्षे लागली. मॉन्टफोर्ट ब्रदर्स ऑफ सेंट गॅब्रिएल ही शाळा चालवणाऱ्या अविवाहित व्रतस्थांची ख्रिस्ती संस्था. तिचे एक ब्रदर मिझोराममध्ये शाळेचे मुख्याध्यापक होते. जून १९९२ मध्ये त्यांच्या जीपला अपघात होऊन ते गेले. दावा केला तो संस्थेने. ऐझॉलच्या न्यायाधिकरणाने २ लाख ५२ हजार रुपये आणि व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. संस्था काही मृताची नातेवाईक नव्हे, असे तिथले म्हणणे. २८ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निवाडा पुन्हा कायम केला. ज्याने घर सोडले, ज्याची मिळकत नियमाने संस्थेकडे जाते आणि ज्याचा सांभाळ संस्था करते, त्याची कायदेशीर प्रतिनिधी ती संस्था ठरू शकते, असे न्यायालयाने मान्य केले. मृत्यूला बावीस वर्षे होत आली होती, ही गोष्ट वेगळी आणि लाजिरवाणी. पण तत्त्व म्हणून पाहिले तर सेरा किंवा नामड्रोलिंगच्या व्यवस्थापनाला आपल्या भिक्षूसाठी दाव्याचा अर्ज करायला हा निकाल भक्कम आधार आहे.

हे तत्त्व परके किंवा फार आधुनिक आहे असेही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत वानप्रस्थ, यती आणि आजन्म ब्रह्मचारी यांच्या धनाचे वारस म्हणून रक्ताचे नातेवाईक सांगितलेले नाहीत; आचार्य, चांगला शिष्य आणि धर्मबंधू सांगितले आहेत. त्या वचनावर भाष्य करणारी विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात लिहिली गेली. बौद्ध विनयाची व्यवस्था तर आणखी नेमकी आहे. भिक्षू मेला की त्याचे चीवर आणि भिक्षापात्र ज्याने आजारपणात शुश्रूषा केली त्याला द्यावे आणि बाकीचे संघाकडे जावे. घर सोडलेल्याच्या मागे कोणीच उरत नाही, ही समजूत आपल्या धर्मशास्त्रालाही मान्य नव्हती आणि संघालाही.

आता खरा आक्षेप. ब्रदर मुख्याध्यापक होते, त्यांना पगार होता, तो संस्थेला मिळत होता. पगार थांबला म्हणून नुकसान मोजता आले. अठरा वर्षे ग्रंथ पाठ करणाऱ्या, मठाच्या स्वयंपाकघरात वाढणाऱ्या भिक्षूच्या जाण्याने पैशात काय बुडाले? विमा कंपनीचा वकील हे विचारणारच, आणि प्रश्न गैर नाही. मला दोन उत्तरे दिसतात. मठ हा खाणाऱ्यांचाच समुदाय नाही. तिथे शिकवणारे, रांधणारे, हिशेब ठेवणारे, रुग्णांना सांभाळणारे भिक्षूच असतात, आणि त्या कामाला बाहेरून माणूस ठेवायचा तर मजुरी द्यावी लागेल. त्या मजुरीवरून गृहीत उत्पन्न धरता येते. शिवाय मिळकत नसलेल्यांचे गृहीत उत्पन्न धरणे न्यायालयांना नवीन नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातात कायमची जायबंदी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीची हानी कुशल कामगाराच्या किमान वेतनावर मोजली आणि भरपाई साठ लाखांच्या पुढे नेली. ती मुलगी एक पैसाही कमवत नव्हती. भिक्षूच्या बाबतीत रक्कम किती ठरेल हे पुराव्यावर राहील आणि ती मुख्याध्यापकाच्या मानाने कमी भरू शकेल, हे मान्य करायला हवे. मात्र रक्कम कमी भरणे वेगळे आणि दावाच नसणे वेगळे. भिक्षू जखमी होऊन वाचला, तर वारसाचा प्रश्नही उरत नाही. दावा त्याचा स्वतःचा, आणि तो झेपत नसेल तर आजच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे त्याने अधिकार दिलेला प्रतिनिधी, म्हणजे मठाचा कारभारीसुद्धा, अर्ज करू शकतो.

तिसरा अडसर नागरिकत्वाचा वाटतो, तो मुळात अडसरच नाही. बैलकुप्प्यातले बरेच तिबेटी परदेशी म्हणून नोंदलेले आहेत आणि नोंदणीचा कागद वेळोवेळी नवा करून घेतात. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी हा जन्मानेच भारतीय नागरिक आहे, असे दिल्ली आणि कर्नाटक उच्च न्यायालयांनी सांगितले आहे, पण तो मुद्दा इथे लागतच नाही. मोटार वाहन कायद्यात अर्ज कोणी करावा हे सांगताना नागरिक हा शब्द येत नाही. जखमी व्यक्ती, मालमत्तेचा मालक, मृताचे कायदेशीर प्रतिनिधी आणि यांनी नेमलेला माणूस, एवढेच येते. राज्यघटनेचे १४ आणि २१ हे अनुच्छेदही ‘व्यक्ती’ला संरक्षण देतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे काही दूरचे नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला आपल्या शहरांत येणारी तिबेटी कुटुंबे रात्रीच्या बसनेच ये-जा करतात. त्यांच्यापैकी कोणी अपघातात सापडला तर त्याचा हक्क शेजारच्या आसनावरच्या मराठी प्रवाशाइतकाच आहे.

ज्यांचा मठाशी काही संबंध नाही अशा वाचकाला इथे स्वतःचे घर दिसायला हवे. भिक्षूसारखीच पगाराची पावती नसलेली व्यक्ती प्रत्येक घरात असते, ती म्हणजे गृहिणी. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या श्रमाला गृहीत उत्पन्न धरलेच पाहिजे असे सांगितले. न्यायमूर्ती रमणा यांनी त्यात २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणाचा दाखला दिला: घरातल्या बिनपगारी कामावर बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. या गृहीत उत्पन्नाचे पुढे काय होते हे आकड्यातच पाहावे. समजा, अडतीस वर्षांची गृहिणी गेली, मागे नवरा आणि दोन मुले आहेत, आणि न्यायाधिकरणाने तिचे उत्पन्न महिना १२,००० रुपये धरले. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या अशा व्यक्तीच्या भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे १६,८००, वर्षाचे २,०१,६००. तिच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा, उरले १,३४,४००. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक ठरलेले आहेत, ३६ ते ४० वयाला १५. गुणाकार २०,१६,००० रुपये, आणि त्यावर वियोग, अंत्यसंस्कार वगैरेंच्या ठराविक रकमा. अविवाहित माणसाच्या बाबतीत स्वतःचा खर्च एक तृतीयांशाऐवजी निम्मा धरतात, बाकी रीत तीच. ‘घरीच असायची’ या दोन शब्दांत एखादे कुटुंब वीस लाखांवर पाणी सोडत असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दुसरी भीती अंतराची. अपघात बैलकुप्पे ठाण्याच्या हद्दीत, कागद कन्नडमध्ये, आणि आपण सांगलीत. कायद्याने या भीतीला जागाच ठेवलेली नाही. अपघात जिथे झाला तिथे, किंवा दावेदार राहतो अथवा व्यवसाय करतो तिथे, किंवा ज्याच्यावर दावा आहे तो राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही न्यायाधिकरणात अर्ज करण्याची निवड दावेदाराची आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीचे कार्यालय असलेले ठिकाणही चालेल असे मानले. २०२३ मध्ये निकाली निघालेल्या एका प्रकरणात सिलिगुडीजवळच्या अपघाताचा दावा उत्तर प्रदेशात फतेहगढला दाखल झाला होता. गाडीचा मालक म्हणाला, साक्षीदार सगळे सिलिगुडीचे, त्यांना भाषा येणार नाही, खटला दार्जिलिंगला न्या. न्यायालयाने नकार दिला. त्या आदेशात हिंदीचा उल्लेख राष्ट्रभाषा म्हणून झाला आहे, तो घटनेला धरून नाही आणि बैलकुप्प्याच्या साक्षीदाराला तर मुळीच लागू नाही. निष्कर्ष मात्र दावेदाराच्या कामाचा आहे: अपघात परमुलखात झाला म्हणून लढाई परमुलखातच लढावी लागत नाही. कन्नड प्राथमिक खबर आणि पंचनाम्याचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे लागते, खर्च आणि वेळ जातो. सांगलीहून म्हैसूरला तारखेला जाण्याच्या मानाने तो फार कमी.

तरीही दावे बुडतात. का बुडतात याचा सगळ्यात बोलका पुरावा अज्ञात वाहनांच्या, म्हणजे हिट अँड रनच्या प्रकरणांत मिळतो. इथे गाडी सापडलेली नसते, म्हणून कायद्याने वेगळी सोय केली आहे; १ एप्रिल २०२२ पासून तिच्यात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार रुपये आहेत. चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही, न्यायाधिकरणात जावे लागत नाही, महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आकडे आले, ते असे: २०२२ या वर्षात देशात असे ६७,३८७ अपघात, आणि २०२२-२३ मध्ये या सोयीसाठी आलेले दावे २०५. हजार अपघातांमागे जेमतेम तीन दावे भरतात. यातल्या काही अपघातांत गंभीर जखम नसेल, काही गाड्या नंतर सापडल्या असतील. कितीही वजाबाकी केली तरी एवढी मोठी दरी तेवढ्याने भरून निघत नाही. या लोकांचा वारसा वादात नव्हता, मिळकतीचा पुरावा लागणार नव्हता. त्यांना सोय असल्याचे ठाऊक नव्हते आणि सांगणे ज्यांचे काम त्यांनी सांगितले नाही. म्हणूनच अशा प्रकरणात पोलिसांनी कुटुंबाला या योजनेची माहिती दिलीच पाहिजे, असा आदेश न्यायालयाला काढावा लागला.

गाडी सापडलेली असते तेव्हा सांगण्याची जबाबदारी नियमांनी आणखी बारकाईने बांधली आहे. १ एप्रिल २०२२ पासून तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा, दहा दिवसांत जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना हक्कांची माहिती देणारा नमुना क्रमांक दोन द्यायचा, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर करायचा. न्यायाधिकरणाने तो अहवालच दाव्याचा अर्ज समजून चालवायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची अंमलबजावणी करण्याचे निर्देश सगळ्या राज्यांना दिले. कागदावर याहून चांगली व्यवस्था मागता येणार नाही. प्रत्यक्षात वाचकाने एवढे धरून चालावे की अहवाल मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही, आणि तो मागण्याचा हक्क आपल्याला आहे. त्याच तारखेपासून अमलात आलेल्या कायद्याच्या दुरुस्तीने दावा करण्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही घातली. १९९४ पासून अशी मुदतच नव्हती. या मुदतीच्या वैधतेला आव्हान दिलेले आहे, आणि केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसणे शहाणपणाचे नाही. सहा महिने हीच मुदत समजावी.

कूर्गला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यात कायदा उदार नाही. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल आणि चूक आपल्याच चालकाची असेल, तर आपल्या खाजगी गाडीतल्या माणसांना त्या विम्यातून सहसा काही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर मिळते. आणि स्वतःच्या बेदरकारपणाने मेलेल्या चालकाच्या कुटुंबाला त्रयस्थ म्हणून भरपाई मागता येत नाही. कर्नाटकात अर्सिकेरेच्या रस्त्यावर झालेल्या अशाच एका अपघातात कुटुंबाने ऐंशी लाख मागितले होते, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो घेतलेला आहे का एवढे निघण्याआधी पाहावे. मालवाहू टेंपोत किंवा ट्रॉलीत मालाशी संबंध नसताना बसून जाणाऱ्यांसाठीही विमा कंपनी जबाबदार राहत नाही, हे पक्के झालेले आहे. बैलकुप्प्याच्या शेतातून मका आणि माणसे एकाच ट्रॉलीत जात असतील, तर फक्त मक्याचाच प्रवास कायद्यात बसतो.

इतक्या सढळपणाने दार उघडले तर लबाड आत शिरतील, असा विमा कंपन्यांचा आक्षेप असतो. तो हवेत नाही. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांची इतकी प्रकरणे निघाली की २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीत वकिलांच्या निलंबनापर्यंत गोष्ट गेली. पण त्या दाव्यांत खोटी असायची ती गाडी, खोटा असायचा तो साक्षीदार. वारस कोण आणि मृत माणूस कमावता होता का, हा तिथला घोटाळा नव्हता. त्यावरचा उपाय ४८ तासांचा अहवाल आणि लगेचची छायाचित्रे हाच आहे, आणि त्याच कागदांनी खऱ्या दावेदाराचेही काम होते. हप्ता वाढेल म्हणावे, तर १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ पासून वर्षाला ३,४१६ रुपये आहे, दिवसाला दहा रुपयांच्या आत. अनोळखी माणसाला आपल्या गाडीने इजा झाली तर त्याचे घर उघड्यावर पडू नये, यासाठी समाजाने ठरवलेली ती किंमत आहे. ती घेऊनही कंपनीने भिक्षूला वारस नाही म्हणून हात वर केले, तर फायदा कोणाचा होतो हे उघड आहे.

दुसरा आक्षेप आपल्या लोकांकडूनच येतो. कोर्टात वर्षे जातात, त्यापेक्षा जागच्या जागी मिटवलेले बरे. मॉन्टफोर्टची बावीस वर्षे पाहिली तर हे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. पण जागच्या जागी मिटते तेव्हा काय होते? गाडीवाला वीस-तीस हजार हातावर ठेवतो, तक्रार होत नाही, आणि जिच्यावर भरपाईची खरी जबाबदारी त्या विमा कंपनीला अपघाताचा पत्ताही लागत नाही. महिनाभराने पायात दुसरी शस्त्रक्रिया निघाली की प्राथमिक खबर नाही, पंचनामा नाही, गाडीचा नंबरही नाही. मिटवायचेच असेल तर लोकअदालतीत मिटवावे. तिथे तडजोडीला निवाड्याचे बळ मिळते आणि कर्नाटकात गृहीत उत्पन्नाचा वर्षवार तक्ता राज्य विधी सेवा प्राधिकरणाने करून ठेवलेला असल्याने घासाघीस निम्मी कमी होते. स्त्रिया, मुले, अपंग आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना वकीलही विनामूल्य मिळतो. उपचाराच्या पैशासाठी मिटवण्याची घाई असते, तर मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचारांची योजना आहे, अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत.

आणि निवाडा होऊनही काम संपत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात दिसले, की गुजरात आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांत न्यायाधिकरणांकडे जमा झालेले शेकडो कोटी रुपये घ्यायला कोणी आलेलेच नाही. माणसे घर बदलतात, गाव सोडतात, वकील कळवत नाही. म्हणून आता दाव्याच्या अर्जातच पत्ता, आधार आणि बँक खात्याचा तपशील घ्यायचा आणि पैसे थेट खात्यावर पाठवायचे, असे निर्देश आहेत. बैलकुप्प्यासारख्या ठिकाणी, जिथे भिक्षू एका मठातून दुसऱ्या मठात जातात आणि घरटी कोणीतरी परदेशी निघालेला असतो, तिथे दावा व्यक्तीबरोबर मठाच्या किंवा वसाहत कार्यालयाच्या पत्त्यावरही नोंदवणे शहाणपणाचे. राहता राहिला तो हक्कांची माहिती देणारा नमुना क्रमांक दोन. तो कन्नडमध्ये मिळाला तर सेराच्या भिक्षूला आणि सांगलीच्या प्रवाशाला सारखाच निरुपयोगी. तिबेटी, हिंदी आणि मराठीत त्याच्या प्रती काढून ठाण्यात ठेवायला छपाईचा तेवढा खर्च येईल, आणि तिबेटी भाषांतर करणारी माणसे तर ठाण्याच्या हद्दीतच शेकड्यांनी आहेत.